बोल्डरची निळी रेषा : डोंगरउतार विकत घेणाऱ्या शहराचं प्रकरण

आपल्याकडे निळी रेषा म्हटली की नदीची पूररेषा आठवते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचं शहर आहे. तिथली निळी रेषा नदीकाठची नाही, डोंगराच्या पोटावरून जाणारी आहे. समुद्रसपाटीपासून उंची 5,750 फूट. या उंचीच्या वर शहराच्या नळाचं पाणी द्यायचं नाही, असं तिथल्या मतदारांनी 21 जुलै 1959 रोजी ठरवलं. वर घर बांधायला बंदी नव्हती, फक्त पाणी मिळणार नव्हतं. मतदानाला आलेल्या दर चारांपैकी साधारण तिघांनी बाजूने कौल दिला.

डोंगराच्या कुशीतलं गाव भराभर वाढायला लागलं की उतारांचं काय होतं, हे आपण महाबळेश्वरपासून मुळशीपर्यंत पाहत आलो आहोत. बोल्डरने ती वाढ अंगावर घेतली आणि उतारही राखले. कसे राखले आणि त्याची किंमत कुणी मोजली, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. म्हणून जरा तपशिलात जायला हवं.

बोल्डर रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आहे. पूर्वेला गवताळ मैदान, पश्चिमेला एकदम उभा डोंगर, आणि त्याच्या छातीवर तिरक्या टेकून ठेवलेल्या इस्त्र्यांसारखे लालसर खडक. त्यांना फ्लॅटआयर्न्स म्हणतात. शहराची ओळख विचारली तर कुणीही त्या खडकांकडे बोट दाखवतो.

जमीन विकत घ्यायची सवय या गावाला जुनी. 1898 मध्ये, टेक्सासमधल्या शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरासाठी, गावाने कर्जरोखे काढून या खडकांच्या पायथ्याची 80 एकर जमीन घेतली. चौटाक्वा नावाने ती जागा आजही सार्वजनिक आहे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारकडून फ्लॅगस्टाफ डोंगराचे सुमारे 1,800 एकर उतार मिळाले. 1910 मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड धाकटे या उद्यानरचनाकाराने शहरासाठी अहवाल लिहिला. गाव तेव्हा लहान होतं, घाई कुणालाच नव्हती.

घाई सुरू झाली दुसऱ्या महायुद्धानंतर. 1952 मध्ये डेन्व्हर ते बोल्डर टोलरस्ता खुला झाला. त्याच सुमारास जवळच रॉकी फ्लॅट्स हा अण्वस्त्रांचे भाग बनवणारा कारखाना सुरू झाला. 1954 मध्ये केंद्र सरकारची मोजमापशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आली. विद्यापीठ होतंच. 1950 च्या जनगणनेत बोल्डरची लोकसंख्या 19,999 होती. 1960 मध्ये ती 37,718 झाली आणि 1970 मध्ये 66,870. वीस वर्षांत तिपटीहून जास्त. सपाटीवर जागा होती, पण पैसेवाल्याला देखावा हवा असतो आणि देखावा उतारावरून दिसतो. घरं वर चढायला लागली.

अल बार्टलेट आणि बॉब मॅककेल्व्ही हे विद्यापीठातले दोन प्राध्यापक, एक भौतिकशास्त्राचा, दुसरा गणिताचा. बार्टलेट पुढे एका व्याख्यानासाठी प्रसिद्ध झाले: दरवर्षी 7 टक्के वाढ कानाला किरकोळ वाटते, पण त्या गतीने दहा वर्षांत सगळं दुप्पट होतं. हे व्याख्यान त्यांनी 2013 मध्ये वारेपर्यंत हजाराहून जास्त वेळा दिलं. अशा माणसाला आकड्यांत पुढचा डोंगर दिसला असणार. या मंडळींनी घरबांधणीशी थेट भांडण मांडलं नाही. त्यांनी पाणी धरलं. उंचावर पाणी चढवायचं तर पंप हवेत, वेगळ्या टाक्या हव्यात, आणि तो खर्च खाली राहणाऱ्या सगळ्यांच्या बिलात येणार. वरच्या मोजक्या बंगल्यांसाठी खालच्यांनी का भरायचं, हा प्रश्न डोंगरावर प्रेम नसलेल्या माणसालाही पटतो. या मोहिमेतूनच प्लॅन-बोल्डर ही नागरिकांची संघटना उभी राहिली.

त्यांनी हा नियम साध्या ठरावात न ठेवता शहराच्या सनदेत, म्हणजे शहराच्या कारभाराच्या मूळ कायद्यात घातला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली इथेच आहे. ठराव नगरपरिषद फिरवू शकते. सनद बदलायची तर पुन्हा मतदारांकडे जावं लागतं. निवडणूक आली, सत्ता बदलली, बिल्डरचा माणूस परिषदेत बसला, तरी रेषा जागची हलत नाही. हलवायची तर सर्वांसमोर, मतपेटीतून. दीड वर्षातच ती वेळ आली. वातावरणशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राला टेबल मेसावर, म्हणजे आपल्या पाचगणीच्या टेबल लँडसारख्या एका पठारावर, इमारत बांधायची होती आणि ती जागा रेषेच्या वर होती. 1961 मध्ये मतदारांनी त्या एका इमारतीपुरता अपवाद केला. आय. एम. पेई यांनी खडकाच्याच रंगाची वास्तू उभी केली आणि भोवतालचं जवळपास सगळं पठार मोकळं राहिलं. अपवाद झाला, पण तो कुणाच्या बंद केबिनमध्ये झाला नाही.

रेषा पुरेशी नाही हेही लवकरच कळलं. चौटाक्वाच्या बाजूला एन्चँटेड मेसा नावाचं पाइनच्या झाडांचं पठार आहे. तिथे आलिशान हॉटेल होणार अशी योजना पुढे आली. पाणी अडवण्याने अडचण निर्माण होते, मालकी बदलत नाही. ज्याची जमीन आहे तो आज ना उद्या वाट काढतो. 1962 मध्ये शहराने 1,05,000 डॉलरचे कर्जरोखे मतदारांकडून मंजूर करून घेतले आणि ते पठार विकत घ्यायचं ठरवलं. हॉटेल झालं नाही. आज तिथून पायवाट जाते.

पण दर वेळी संकट आलं की मोहीम काढायची, कर्ज मागायचं, मतदान घ्यायचं, हे किती दिवस चालणार? विकणारा थांबत नाही, आणि बिल्डरकडे पैसा तयार असतो. नोव्हेंबर 1967 मध्ये बोल्डरने याचं कायमचं उत्तर शोधलं: एक टक्का नवा विक्रीकर. त्यातले 0.4 टक्के मोकळी जमीन घेण्यासाठी, 0.6 टक्के रस्त्यांसाठी. दहा डॉलरचं सामान घेतलं की दहा सेंट कर, त्यातले चार जमिनीच्या नावाने वेगळे. मोकळ्या जमिनीसाठी स्वतःवर असा कर बसवणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर मानतात. रस्ते आणि डोंगर एकाच मतपत्रिकेवर आणण्यात मोठं शहाणपण होतं. ज्याला खड्डे बुजायला हवे होते आणि ज्याला उतार वाचायला हवे होते, ते दोघे एकाच खुणेपाशी आले. 1971 मध्ये या कराच्या भरवशावर कर्जरोखे काढायची मुभा मिळाली. त्याच वर्षी, रूथ राइट यांच्या पुढाकाराने, इमारतींची उंची 55 फुटांपर्यंतच हा नियमही सनदेत गेला.

आता या कराने काय बदललं ते पाहा. शहराच्या माणसाला दरवर्षी हातात पैसा आहे हे माहीत असतं. त्यामुळे तो शेतकऱ्याशी घाई न करता बोलू शकतो. म्हातारा झालेला रँचवाला, ज्याची मुलं डेन्व्हरला नोकरी करतात, त्याला सांगता येतं की तुम्ही विकाल तेव्हा आम्ही आहोत. बऱ्याच व्यवहारांत पूर्ण जमीनही घेतली जात नाही, फक्त बांधकामाचा हक्क विकत घेतात. शेत शेतकऱ्याचं, पीक त्याचं, गुरं त्याची, पण त्यावर कॉलनी कधीच होणार नाही अशी कायमची नोंद. आज शहराकडे 46 हजार एकरांहून जास्त जमीन आहे. शहराच्या स्वतःच्या क्षेत्रफळाच्या ही अडीचपटीहून जास्त भरते. त्यातली सुमारे 15 हजार एकर शेतकरी आणि पशुपालकांना भाड्याने दिलेली आहे. बाकीच्या भागातून दीडशे मैलांच्या आसपास पायवाटा जातात.

इथे पुण्याचा उल्लेख टाळणं मला जमणार नाही. 1997 मध्ये पालिकेत आलेल्या 23 गावांमधल्या टेकड्यांवर 978 हेक्टरांचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. ते यावं म्हणून पुणेकरांनी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे. पण आरक्षण म्हणजे नकाशावरचा रंग, सातबारा मूळ मालकाचाच राहतो. मोबदला म्हणून 2015 मध्ये 8 टक्के हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरला. मालकाला तो तुटपुंजा वाटला तर त्याला दोष कसा द्यायचा? ज्या जमिनीतून मालकाला काहीच मिळत नाही आणि जी शहरानेही घेतलेली नाही, ती कुणाचीच राखण नसलेली जमीन होते. बोल्डरचा मला भावलेला भाग म्हणजे त्यांनी ‘डोंगर सर्वांचा’ असं म्हणून मालकाला वाऱ्यावर सोडलं नाही, बहुतेक वेळा त्याला किंमत मोजली.

जमीन घेतल्यावर ती टिकवायची कशी? 1973 मध्ये पाच नागरिकांचं विश्वस्त मंडळ नेमलं गेलं. 1986 मध्ये पुन्हा सनद बदलली. मोकळ्या जमिनीचा तुकडा विकायचा किंवा दुसऱ्या कामाला द्यायचा तर या मंडळातल्या किमान तिघांची संमती लागते, मग नगरपरिषदेची, आणि त्यानंतरही साठ दिवसांत 5 टक्के मतदारांनी सह्या केल्या तर विषय मतदानाला जातो. जमीन कशासाठी आहे याची यादीही सनदेत आहे: निसर्ग, पाणी, शेती, पूरमैदान, शहराच्या वाढीला आकार देणं, आणि शांतपणे फिरणं. क्रीडासंकुल किंवा सभागृह ‘लोकांच्याच सोयीसाठी’ आणून बसवायची पळवाट त्यामुळे बुजते.

या कुलपांची ताकद शहराच्या दक्षिण टोकाला दिसली. विद्यापीठाने 1996 मध्ये तिथे 308 एकर जमीन घेतली होती. सप्टेंबर 2013 च्या महापुरानंतर तिथे पूरनियंत्रणाचं काम हवं, विद्यापीठाला इमारती हव्यात, आणि पूरमैदानावर बांधकामच नको असं म्हणणारे नागरिक, अशी तिहेरी ओढाताण सुरू झाली. 2021 मध्ये करार झाला, 2022 मध्ये तो रद्द करण्यासाठी मतदान झालं आणि करार टिकला. पुराच्या बंधाऱ्याला मोकळ्या जमिनीचा दोन-अडीच एकरांचा तुकडा लागत होता, त्यासाठी विश्वस्त मंडळाची वेगळी परवानगी घ्यावी लागली. अडीच एकरांसाठी एवढा खल कुणाला जाच वाटेल. मला तो हवासा वाटतो. टेकड्या एका दिवसात जात नाहीत, दोन-दोन एकरांनी जातात.

राखणीचं काम मात्र घोषणांपेक्षा फार बारीक आहे. वर्षाला या जमिनीवर 62 लाखांहून जास्त फेऱ्या होतात, असं 2016-17 च्या मोजणीत दिसलं. एवढ्या पायांखाली वाट झिजते, चिखलात लोक बाजूने चालतात आणि वाटेच्या तीन वाटा होतात. 1 फेब्रुवारी ते 31 जुलै फ्लॅटआयर्न्सचे कितीतरी कडे गिर्यारोहकांना बंद असतात, कारण ससाणे आणि गरुड तिथे घरटी करतात. साउथ बोल्डर ओढ्याकाठच्या कुरणांत एक पांढरं ऑर्किड उगवतं. 1992 मध्ये ते देशाच्या संकटग्रस्त यादीत आलं. कुंपण घालून कुरण सोडून दिलं असतं तर उंच गवतात ते दबून गेलं असतं. पाटाचं पाणी, गवताची कापणी आणि गुरांची चराई यांच्या वेळापत्रकावर ते तगून आहे. ज्या शेतकऱ्याला भाडेपट्टा दिला, तोच त्या फुलाचा राखणदार झाला. सगळ्या गोष्टी अशा जुळत नाहीत. सिंचनाच्या शेतांत प्रेअरी डॉग या बिळं करणाऱ्या प्राण्यांच्या वसाहती पसरल्या की शेतकरी हवालदिल होतो, आणि त्यांना मारू नका म्हणणारे लोकही त्याच शहरात आहेत.

आता किंमत.

डोंगर मोकळे, भोवतीचं मैदान मोकळं, इमारतीला 55 फुटांची मर्यादा, शिवाय 1976 मध्ये आलेली, आता उठलेली, निवासी बांधकामाला वर्षाला सुमारे 2 टक्क्यांची मर्यादा. नोकऱ्या मात्र वाढतच राहिल्या. घरं कमी आणि घेणारे जास्त, त्यातून दाराशी असा डोंगर. आज स्वतंत्र घराची मधली किंमत 10 लाख डॉलरच्या पुढे आहे. शाळेतली शिक्षिका, रुग्णालयातली परिचारिका, हॉटेलात भांडी घासणारा, यांतले बहुतेक बाहेरगावाहून येतात. 50 हजारांहून जास्त माणसं रोज बाहेरून बोल्डरमध्ये कामाला येत होती. चार सेंट त्यांनीही दिले, कारण विक्रीकर दुकानात सगळ्यांना सारखाच लागतो. पण संध्याकाळी डोंगराखाली फेरफटका मारून चालत घरी जाण्याचं सुख त्यांच्या वाट्याला नाही. यावर शहराने काही केलं नाही असं नाही. नव्या गृहप्रकल्पांत चौथा हिस्सा परवडणाऱ्या घरांचा किंवा त्याऐवजी रक्कम, असा नियम आहे. तो मला अपुरा वाटतो. मोकळी जमीन आणि गावातली दाट, परवडणारी घरं हे दोन्ही निर्णय एकाच वर्षी, एकाच मतपत्रिकेवर घ्यायला हवे होते, जसे रस्ते आणि डोंगर घेतले होते.

वाढ थांबलीही नाही, ती हिरव्या पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे गेली. आग्नेयेला सुपीरियर नावाचं गाव आहे. 1990 च्या जनगणनेत तिथे 255 माणसं होती. 2000 मध्ये 9,011. कोरड्या गवताच्या कडेला, डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर, लाकडी घरांच्या रांगा. 30 डिसेंबर 2021 रोजी जवळच्या मार्शल या वस्तीपाशी आग लागली. ताशी 160 किलोमीटरच्या आसपास वाऱ्याचे झोत होते, बर्फ अजून पडला नव्हता, ओल्या वसंतानंतर माजलेलं गवत वाळून खडखडीत झालेलं. काही तासांत सुपीरियर, लुईव्हिल आणि आसपासची 1,084 घरं जळाली आणि दोन माणसं गेली. जळत पुढे गेलेल्या गवताचा काही भाग याच राखलेल्या जमिनीवरचा होता.

तीन महिन्यांनी, 26 मार्च 2022 रोजी, वातावरण संशोधन केंद्राच्या मागच्या उतारावर आग लागली. हजारो लोकांना घरं सोडावी लागली. सुमारे 190 एकर जळले, घर एकही जळलं नाही. त्या दिवशी वाऱ्याला मार्शलच्या वेळचा जोर नव्हता, हे खरं. पण त्या उतारावरची झाडं आधी विरळ केलेली होती, आणि जळालेल्या भागात घरंच नव्हती, कारण तिथे पाणी द्यायचं नाही असं 1959 मध्ये ठरलं होतं. आता गवताळ जमिनीच्या वस्तीलगतच्या कडांवर कापणी आणि चराई वाढवली जाते. 2022 मध्ये जिल्ह्याच्या मतदारांनी वणव्यापासून बचावासाठी वेगळा विक्रीकरही मंजूर केला. ‘मोकळं ठेवलं की झालं’ हा समज मार्शलच्या आगीने मोडला.

या प्रकरणाचा एक धागा जमीन विकत घेण्याच्या आधीचा आहे. 1851 च्या फोर्ट लॅरमी तहाने हा सगळा मुलूख शायान आणि अरापाहो लोकांचा मानला होता. ऑक्टोबर 1858 मध्ये सोनं शोधणाऱ्यांनी बोल्डरच्या घळीच्या तोंडाशी तळ टाकला, तेव्हा अरापाहोंचे नायक निवोट यांनी त्यांना निघून जायला सांगितलं. ते गेले नाहीत. फेब्रुवारी 1859 मध्ये शहर वसवणारी कंपनी स्थापन झाली, निळ्या रेषेच्या बरोबर शंभर वर्षं आधी. 1864 मध्ये गावाजवळ फोर्ट चेंबर्स नावाचा मातीचा तट उभारून स्वयंसेवक सैनिकांना तयार केलं गेलं. ते 29 नोव्हेंबर 1864 च्या सँड क्रीकच्या हत्याकांडात सामील होते. तिथे सुमारे 230 अरापाहो आणि शायान मारले गेले, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. निवोटही त्या जखमांनी गेले.

2018 मध्ये शहराने त्याच विक्रीकराच्या निधीतून जमिनीचा एक तुकडा घेतला, शंभरावर एकरांचा, ओढ्याकाठचं जुनं शेत. फोर्ट चेंबर्स तिथेच होता. 2021 मध्ये डोंगराच्या पायथ्याच्या सेटलर्स पार्कचं, म्हणजे वसाहतवाल्यांच्या उद्यानाचं, नाव बदलून ‘लोकांचा उतार’ अशा अर्थाचं ठेवलं, उतार म्हणजे ओढा ओलांडायची जागा. फोर्ट चेंबर्सच्या जमिनीचं काय करायचं, हे ठरवायला शहराचे अधिकारी आता ओक्लाहोमा, वायोमिंग आणि मॉन्टाना इथून येणाऱ्या अरापाहो आणि शायान प्रतिनिधींबरोबर बसतात. निवोटांना आपल्याच जमिनीवरून हटवलं गेलं त्या गावात, त्यांच्या माणसांना शेकडो मैलांवरून पाहुणे म्हणून यावं लागतं.